घरात रंगलेला फाशांचा खेळ बाजारात आणायचा असेल तर

प्रश्न साताऱ्याच्या एका शिक्षिका ताईंचा आहे. मे महिन्याच्या सुट्टीत मुलांसाठी त्यांनी फाशांचा एक खेळ रचला, एसटीच्या प्रवासाचा. आपली पाळी आली की दोन फासे टाकायचे, जी बेरीज येईल तेवढे किलोमीटर मिळाले. हवं तितक्या वेळा टाका, पण बेरीज ७ आली की गाडी बंद पडली आणि त्या पाळीतले सगळे किलोमीटर गेले. त्याआधी 'उतरलो' म्हटलं तर किलोमीटर आपल्या नावावर जमा. पहिला जो १०० किलोमीटर गाठेल तो जिंकला. नातेवाइकांना खेळ फार आवडलाय, ओळखीच्या छापखान्याने १००० प्रतींचा भाव दिलाय, घरच्या बचतीतून पैसे काढायचं चाललंय. छापावा का, आणि बाजारात कसा आणावा, असं त्या विचारतात.

ताई, १००० प्रती आत्ता छापू नका. खेळात दम आहे, म्हणूनच सांगतोय. मी बरीच वर्षं घरगुती खेळ बनवतोय आणि विकतोय, आणि बचतीचे पैसे खोक्यांच्या रूपाने माळ्यावर पडून राहिलेली घरं पाहिली आहेत. त्यातले बहुतेक खेळ वाईट नव्हते. फक्त ते छापायला गेले तेव्हा बनवणाऱ्याच्या घराबाहेर कुणी ते खेळलंच नव्हतं.

आधी खेळाकडे बघू. फाशांच्या खेळात दान नशिबाने पडतं, ते आपल्या हातात नाही. आपल्या हातात असतं ते फासे टाकण्याआधी खेळणाऱ्याला काही ठरवायला लावणं. सापशिडीत ठरवण्यासारखं काही नसतं, म्हणून आठव्या-नवव्या वर्षी मूल तिला कंटाळतं. याट्झी १९५६ साली एडविन लोव यांनी बाजारात आणला आणि तो आजही विकला जातो. त्यात पाच फासे तीनदा टाकता येतात, आणि दर वेळी कोणते फासे ठेवायचे, कोणते परत टाकायचे, शेवटी गुण कुठल्या रकान्यात लिहायचे हे ठरवावं लागतं. तुमच्या खेळात असा एक निर्णय आहे, आणि तो चांगला आहे: आणखी एकदा टाकू, की उतरू?

हा निर्णय किती चांगला आहे ते आकड्यांत बघा. दोन फाशांची ३६ दानं होतात, त्यांपैकी ७ ची बेरीज देणारी ६. म्हणजे दर वेळी गाडी बंद पडण्याची शक्यता सहात एक. बाकीच्या बेरजांची सरासरीही ७ च येते, कारण ६ आणि ८, ५ आणि ९ अशा जोड्या एकमेकींना तोलतात. म्हणजे आणखी एकदा टाकलं तर सहातल्या पाच वेळा सरासरी ७ किलोमीटर मिळणार आणि एकदा जमलेलं सगळं जाणार. जमलेले किलोमीटर ३५ झाले की मिळणारं आणि जाणारं बरोबर सारखं होतं. त्याखाली टाकत राहणं फायद्याचं, त्यावर उतरणं शहाणपणाचं. आणि ३५ पर्यंत पोचायला साधारण पाच दानं लागतात. पाचही दानांत ७ न येण्याची शक्यता ४० टक्के. म्हणजे हिशेबाने खेळणाराही पाचातल्या तीन वेळा रिकाम्या हाताने परतणार. घरच्या खेळासाठी हे प्रमाण मला आवडतं. आठ वर्षांची मुलगी १८ वर उतरते आणि आजोबा ५० पर्यंत ताणतात, दोघांनाही जिंकायची संधी राहते.

वनपर्वातल्या नलाच्या गोष्टीत राजा ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडाची पानं-फळं एका नजरेत मोजून दाखवतो आणि मग नलाला अक्षविद्या, म्हणजे फाशांची विद्या, देतो. त्या काळी फासे म्हणून बेहड्याची फळंच वापरत. मोजणं आणि फासे यांची सोयरीक आपल्याकडे इतकी जुनी आहे. तेव्हा वही घेऊन हा हिशेब स्वतः एकदा करा. उद्या ७ ऐवजी ८ वर गाडी बंद पाडावीशी वाटली तर काय बदलेल हे तुम्हाला न टाकताच कळेल: ८ ची दानं पाच, शक्यता छत्तिसात पाच, म्हणजे एकेक पाळी लांबणार.

आता अडचण. चार जण खेळताहेत असं धरा. ३५ ला उतरायचं ठरवलेला माणूस एका पाळीत सरासरी साडेतीन वेळा फासे टाकतो. टाकणं, मोजणं, विचार करणं मिळून एका दानाला आठ-नऊ सेकंद जातात. म्हणजे आपली पाळी संपल्यावर पुढची येईपर्यंत तीन जणांची दहा-अकरा दानं, जवळजवळ दीड मिनिट, आणि तेवढा वेळ माझ्या हातात काही काम नाही. तुमच्या घरी हे जाणवलं नसेल, कारण त्या दीड मिनिटात गप्पा होत होत्या, आंबे कापले जात होते. विकत घेतलेल्या खेळात हीच दीड मिनिटं मुलाला मोबाइलकडे नेतात. गेल्या काही वर्षांत गाजलेल्या फाशांच्या खेळांनी नेमकी हीच जागा बुजवलीय. २०१२ चा जर्मन खेळ क्विक्स बघा. त्यात दुसऱ्याने टाकलेल्या दोन पांढऱ्या फाशांची बेरीज प्रत्येकाला वापरता येते, त्यामुळे कुणाचंही दान असो, सगळ्यांची मान टेबलावर झुकलेली असते.

तुमच्या खेळात तर याचं उत्तर विषयातच बसलंय. एसटीत प्रत्येकाला वेगळी गाडी मिळत नाही! सगळ्यांना एकाच गाडीत बसवा. फासे एकच, किलोमीटर सगळ्यांचे मिळून वाढताहेत, आणि दर दानाआधी प्रत्येकाने ठरवायचं की बसून राहायचं की उतरायचं. उतरला त्याने तेवढे किलोमीटर लिहून घ्यायचे. ७ आला की गाडीत उरलेल्यांना शून्य. फासे टाकणारा त्या फेरीचा कंडक्टर. आपल्याकडे एक बेल म्हणजे थांबा आणि डबल बेल म्हणजे चला, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. मग उतरणाऱ्याने 'टिंग' म्हणायचं, आणि कंडक्टरने 'डबल' म्हटल्याशिवाय फासे टाकायचे नाहीत. त्या एका शब्दाने 'मी आधीच म्हटलं होतं' ही भांडणं निम्म्याने कमी होतात.

यातून एक नवी अडचण येते, तीही सांगून ठेवतो. सगळे एका गाडीत असताना पहिल्या-दुसऱ्या दानालाच ७ आला तर अख्ख्या घराला शून्य. ही शक्यता लहान नाही, छत्तिसात अकरा, जवळजवळ ३१ टक्के. दहा फेऱ्यांत असं तीनदा झालं की लोक वैतागतात. म्हणून पहिल्या दोन दानांना ७ माफ करा: गाडी अजून स्टँडातच आहे. आणि १०० ची शर्यत काढून फेऱ्या ठरवा, आठ किंवा दहा. शर्यतीत मागे पडलेल्याला शेवटची दहा मिनिटं आशा नसते. ठरलेल्या फेऱ्यांत शेवटच्या गाडीला ताणून बसणारा वर येऊ शकतो.

जमलेलं गमवायची जोखीम घेत टाकत राहायचं, हा खेळाचा सांगाडा तुमचा नाही. पिग नावाचा एका फाशाचा जुना खेळ याच तत्त्वावर चालतो: १ आला की पाळीतले गुण गेले, १०० ला जिंकला. एकाच फाशांवर सगळ्यांनी मिळून खेळायची रीतही नवी नाही, पहिल्या दानांची माफीही इतर खेळांत सापडते. याने नाउमेद होऊ नका. तुमचं स्वतःचं जे आहे ते गाडी, स्टँड, बेल, बंद पडणं, उतरणं. नियम विषयातून उगवलेत, म्हणून ते पाठ करावे लागत नाहीत. आजीला 'जोखीम' समजावून सांगायला लागेल, 'आता उतर, पुढे घाट आहे' हे लागणार नाही.

याच्यापुढचा टप्पा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि लोक नेमका तोच गाळतात. खेळ ओळख नसलेल्या घरात द्यायचा, सोबत फक्त नियमांचं पान, आणि आपण एक शब्द बोलायचा नाही.

आमच्या एका खेळाची गोष्ट. गणपतीच्या दिवसांत पुण्यातल्या एका सोसायटीत चौघांच्या कुटुंबाला नमुना दिला आणि मी खुर्ची ओढून मागे बसलो. नियमात मी लिहिलं होतं, 'एक्का आल्यास डाव संपला.' मला म्हणायचं होतं की त्या खेळाडूची पाळी संपली. वडिलांनी वाचलं, तिसऱ्याच दानाला एक्का आला, आणि त्यांनी पट गुंडाळायला घेतला. आपल्या भाषेत 'डाव' म्हणजे अख्खा खेळही आणि एकाची पाळीही, हे मला तोवर सुचलं नव्हतं. घरी सहा महिने आम्ही तो खेळ खेळत होतो आणि कुणीच अडखळलं नव्हतं, कारण घरी ते पान कुणी वाचतच नव्हतं, सगळ्यांना मी तोंडी सांगितलं होतं. त्या दिवसापासून माझ्या नियमांत 'पाळी', 'फेरी' आणि 'खेळ' हे तीनच शब्द असतात, प्रत्येकाचा अर्थ एकच. त्याच संध्याकाळी फासा सतरंजीच्या घडीत अडकून तिरका उभा राहिला आणि दोन भावंडांत खडाजंगी झाली. तिरका पडला तर काय, पटाबाहेर घरंगळला तर काय, या दोन्हींचं एकेक वाक्य नियमांत हवंच.

अशी किमान तीन घरं, शक्यतो पाच-सहा. एक घर लहान मुलांचं, एक आजी-आजोबांचं, एक कॉलेजच्या पोरांचं. 'आवडला का' हे विचारू नका, लोक मन राखून बोलतात. खेळ संपला की गप्प बसा आणि बघा. कुणी आपण होऊन म्हणालं का, 'अजून एकदा'? मी याशिवाय दुसऱ्या कुठल्या शेऱ्यावर विश्वास ठेवत नाही. दुसरं बघायचं ते मुलांच्या बेरजा. चालू गाडीत ४७ मध्ये ९ मिळवताना सात वर्षांचं मूल थांबतं आणि टेबल थांबतं. तिथे शंभरपर्यंतचे आकडे छापलेली पट्टी आणि तिच्यावर सरकणारी छोटी लाल गाडी दिली तर बेरीज बोटाने मोजता येते. सगळ्यांची गाडी एकच असल्याने पट्टीही एकच पुरते.

कायद्याच्या गोष्टी थोडक्यात. खेळाच्या पद्धतीवर पेटंट मिळत नाही, १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३(एम) मध्ये ते स्पष्ट आहे. तुमच्या शब्दांत लिहिलेलं नियमांचं पान आणि चित्रं यांवर कॉपीराइट तुमचा आपोआप असतो. नावाला ट्रेडमार्क घ्या, खेळांसाठी वर्ग २८, व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाची सरकारी फी ४५०० रुपये. नावात किंवा चित्रात 'एसटी' ही अक्षरं किंवा महामंडळाचं बोधचिन्ह परवानगीशिवाय वापरू नका. लाल रंगाची गाडी कुणाच्या मालकीची नाही, तेवढ्याने काम भागतं. पैसे लावून खेळायची कल्पना खोक्यावर गमतीनेसुद्धा छापू नका. फासे म्हटलं की काही घरांत अजूनही जुगार आठवतो, आणि महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे.

खेळण्यांचा नियम मात्र नीट वाचा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांसाठीच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. ज्या कारखान्यात वस्तू बनते त्याच्याकडे भारतीय मानक ब्युरोचा परवाना लागतो. म्हणजे ओळखीचा छापखाना तुम्हाला भाव कितीही चांगला देवो, त्याच्याकडे खेळण्यांचा परवाना नसेल तर मुलांचा खेळ म्हणून तो तिथून विकायला काढता येणार नाही. असा परवाना असलेला उत्पादक शोधा, आणि १००० चा भाव त्याच्याकडून घ्या. खोक्यावर १४+ लिहून सुटका करून घ्यायचा मोह बऱ्याच जणांना होतो. शाळेतल्या मुलांचं चित्र काढलेल्या खोक्यावर तो आकडा टिकत नाही, आणि तुम्ही शिक्षिका आहात, तुमचे पहिले गिऱ्हाईक पालकच असणार. शिवाय १६ मिलिमीटरचा फासा तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतो, ती सूचना ठळक हवी. बंद खोक्यावर एमआरपी, उत्पादकाचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, आत काय किती आहे, तक्रारीसाठी संपर्क हे सगळं लागतं. इतर राज्यांत ऑनलाइन बाजारावरून विकणार असाल तर जीएसटी नोंदणीही. दर आणि विवरणपत्रं सीएवर सोपवा.

आता वस्तू. फासे स्वस्तातले आणले तर आधी तपासा. एक फासा ६०० वेळा टाकून नोंद करायची, मुलांना हे काम आवडतं. प्रत्येक आकडा १०० च्या आसपास यायला हवा, ८० ते १२० मध्ये फरक चालतो, कुठलाही आकडा १३० च्या वर गेला तर तो माल परत करा. समोरासमोरच्या बाजूंची बेरीज ७ येते ना, तेही बघा. गुण लिहायचा कागद साधा, बिनचकाकीचा मॅपलिथो, ७०-८० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं वजन ७०-८० ग्रॅम) घ्या. चकचकीत कागदावर पेन्सिल उठत नाही.

खोक्याबद्दल माझ्या अनुभवाची एक गोष्ट. आमच्या एका खेळाचे खोके कप्पा बोर्डाचे, म्हणजे जाड पुठ्ठ्याचे होते, बाहेरून छापील कागद आणि लॅमिनेशन, आतून नुसता उघडा पुठ्ठा. मे महिन्यात आले तेव्हा झाकण बोटाच्या एका टिचकीने बसायचं. जुलैत त्यांतली बरीचशी झाकणं धनुकलीसारखी वाकली. आतला उघडा पुठ्ठा हवेतला ओलावा प्यायला आणि फुगला, बाहेरचं लॅमिनेशन जागचं हललं नाही, मग वाकणारच. तेव्हापासून मी आतूनही अस्तराचा कागद लावून घेतो, आणि नमुन्याचा खोका दोन दिवस न्हाणीघराशेजारी ठेवून मगच होकार देतो. कोकणात विकायचं असेल तर हे विसरू नका.

खोका लहान ठेवा. दुकानात मोठा खोका ऐटीत दिसतो, पण कुरिअरवाले आकारमानाचं वजन लावतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायचं, उत्तर किलोत येतं. २७ बाय २७ बाय ५ चा खोका आत काही नसलं तरी ७२९ ग्रॅमचा धरला जातो आणि एक किलोच्या दरात जातो. १५ बाय ११ बाय ४ चा खोका १३२ ग्रॅमचा होतो, मग खरं वजन जे असेल ते, अर्ध्या किलोच्या आत. दोन फासे, सहा आखूड पेन्सिली, एक वही, घडी होणारी पट्टी आणि एक गाडी त्यात आरामात बसतात.

किंमत ठरवताना बनवायच्या खर्चाच्या चौपट-पाचपट एमआरपी धरायची पद्धत आहे, आणि ती हावरेपणाची नाही. एमआरपी ४९९ असेल आणि वितरक-दुकानदार मिळून ४५ टक्के घेत असतील तर तुमच्याकडे २७४ रुपये येतात. त्यातून कर, वाहतूक, फुटतूट, भेटीदाखल दिलेल्या प्रती. बनवायलाच २२० लागले असतील तर प्रत्येक खोक्यामागे तुम्ही खिशातून घालताय. १०० ते १२५ मध्ये बसवायला हवा, आणि तो भाव १००० प्रतींनाच मिळतो. म्हणूनच छापखाना तुम्हाला १००० चा आकडा सांगतो, त्याचं काही चुकत नाही. फक्त ती पायरी दुसरी आहे.

पहिली पायरी १०० प्रतींची, डिजिटल छपाईवर, त्याच परवानाधारक उत्पादकाकडून फासे-गाडी घेऊन आणि त्याच्याकडेच भरून. एक प्रत महाग पडेल, नफा उरणार नाही. त्या १०० प्रती दुकानात देऊ नका, स्वतः विका. आधी नोंदणी घ्या, यूपीआयवर पैसे घ्या, आणि देण्याची तारीख कबूल करताना तीन आठवडे जास्तीचे धरा. शाळेच्या स्नेहसंमेलनात, सोसायटीच्या गणपतीत, प्रदर्शनात टेबल मांडा. टेबलावर बंद खोक्यांचा मनोरा रचू नका, दोन संच उघडे ठेवा आणि तीन फेऱ्यांचा छोटा खेळ खेळायला बसवा. पाच मिनिटांत ज्याने ५२ वर हावरेपणा करून शून्य घेतलंय तो माणूस उठताना परत एकदा बसतो. विक्री तिथे होते. परदेशातल्या मराठी घरांतूनही मागणी येऊ शकते, तिथे मुलांच्या तोंडी मराठी राहावी म्हणून असे खेळ घेतात. त्यांच्यासाठी नियमांचं पान इंग्रजीतही द्या, पण 'टिंग' आणि 'डबल' तसेच राहू देत.

मोसम दोनच, मेची सुट्टी आणि दिवाळी. दिवाळी गाठायची तर फाइली ऑगस्टच्या सुरुवातीला छापायला गेलेल्या असायला हव्यात. गणपतीनंतर छापखाने कॅलेंडरं आणि दिवाळी अंकांत बुडालेले असतात.

१०० प्रती गेल्या आणि घेणाऱ्यांपैकी काहींनी भेट द्यायला दुसरी मागितली, तर १००० चा भाव घेऊन बसा, तेव्हा कळवा, आकडे आपण मिळून बघू. तोवर एका गाडीचे नवे नियम एका पानात लिहा आणि तीन घरांना द्या. त्यांच्याकडून परत आलेले गुणांचे कागद टाकून देऊ नका. खोडाखोड कुठल्या फेरीत आणि कुठल्या आकड्याशी झालीय ते बघितलं की पट्टीवर पुढचा बदल कुठे करायचा ते दिसेल.